बाथ इथूनच घ्यायचे की डॉलर घेऊन जायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही, मिस्टर आणि सासूबाई असे तिघं आठ दिवस बँकॉक आणि क्राबीला चाललाय, तिकिटं आणि हॉटेल भरून झालंय, वरखर्चाला १ लाख २० हजार बाजूला काढलेत. नाशिकचा तुमचा ट्रॅव्हल एजंट म्हणतोय सगळ्याचे बाथ (थायलंडचं चलन) माझ्याकडूनच घ्या, एक बाथ २.९५ रुपयांनी देतो, कमिशन शून्य, फक्त पैसे रोख द्या कारण बिल केलं तर २० टक्के टीसीएस (विकणारा आपल्याकडून आधीच घेऊन सरकारला भरतो तो आयकर) लागेल. आणि मिस्टर म्हणतायत काहीच नको नेऊया, तिकडे एटीएम आहेत.

एजंटकडून घेऊ नका. आणि सगळं एटीएमच्या भरवशावरही सोडू नका.

आधी ते टीसीएसचं बघू, कारण ती भीती घालूनच तुमच्याकडून रोख मागितली जातेय. प्रवासासाठी परकीय चलन घेताना टीसीएस लागतो तो एका माणसाच्या एका आर्थिक वर्षातल्या १० लाखांच्या वरच्या रकमेवर, तुमचा आकडा त्याच्या जवळपासही नाही. टूर पॅकेजवरचा टीसीएस वेगळा, तो पॅकेज विकणारा कापतो आणि रिटर्न भरताना आपल्याला त्याचं क्रेडिट मिळतं. चलन घेताना जीएसटी लागतो, पण तो किती, तर ५५ हजारांच्या चलनावर ९९ रुपये! आणि ५० हजार किंवा त्याच्या पुढचं चलन घेताना रुपये रोख देता येत नाहीत, बँकेतूनच द्यावे लागतात. म्हणजे १ लाख २० हजार रोख घेऊन बिनबिलाचे बाथ देणारा माणूस रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असलेल्या मनी चेंजरसारखं वागत नाहीये. त्या नोटांत एखादी खोटी निघाली तर तुमच्या हातात कागदाचा एक तुकडाही नसेल, आणि ते परक्या देशात सासूबाईंसमोर निस्तरत बसावं लागेल.

आता दर. तुम्ही लिहिलंय की त्या दिवशी गूगलवर बाथ २.७० ला दिसत होता. २.९५ ने १ लाख २० हजारांचे साधारण ४०,७०० बाथ येतात, २.७० ने ४४,४०० आले असते. फरक जवळजवळ ३,७०० बाथचा, म्हणजे दहा हजार रुपये. कमिशन शून्य असूनही. कमिशन दरातच घातलेलं असतं, म्हणून कुणीही झिरो कमिशन म्हणालं की एवढंच विचारायचं, सगळं धरून माझ्या हातात किती बाथ पडणार.

गूगलचा दर आपल्याला कुणीच देत नाही हे खरं, पण त्याच्या जवळ जाता येतं, आणि इथेच तुमच्या एजंटचं "दोनदा बदललं की दोनदा नुकसान" हे म्हणणं चुकतं. ऐकायला पटतं, मला कळतंय. पण आपल्याकडे बाथचे गिऱ्हाईक कमी, चेंजरला नोटा मागवून ठेवाव्या लागतात, पडून राहिल्या तर भाव पडायची जोखीम त्याची, म्हणून तो खरेदी-विक्रीत मोठं अंतर ठेवतो. डॉलरचं तसं नाही, डॉलर रोज खपतो. आणि बँकॉकमध्ये डॉलर घेऊन बाथ देणाऱ्यांत इतकी चढाओढ आहे की तिथलं अंतर अगदी बारीक असतं. नीट चौकशी केली तर दोन्ही वेळचं मिळून दोन-अडीच टक्क्यांत काम होतं, तुमचा एजंट नऊ टक्क्यांच्या वर घेतोय. रुपयेच नेऊन तिकडे बदलू असंही काहीजण करतात, ते नको, दर वाईट मिळतो आणि भारतातून २५ हजारांच्या वर रुपये नेताही येत नाहीत.

तर साधारण ६०० डॉलर, म्हणजे अंदाजे ५५ हजारांचे, घ्या, लायसन्सवाल्या चेंजरकडून किंवा बँकेतून, पासपोर्ट-पॅन-तिकीट दाखवून, पक्कं बिल घेऊन. मर्यादा माणशी एका ट्रिपला ३,००० डॉलर रोख आहे, त्यामुळे काळजी नको. सगळ्या शंभराच्या नोटा मागा, कारण तिकडे शंभरच्या नोटेला सुट्या नोटांपेक्षा चांगला दर मिळतो, आणि कोऱ्या मागा, पेनाने लिहिलेली, फाटकी, शिक्का मारलेली नोट परत करा, लाजू नका. सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळच्या काउंटरवर घाई करू नका, तळमजल्याखाली एअरपोर्ट रेल लिंकच्या बाजूला सुपररिचसारखी चेंजरची दुकानं आहेत तिथे दर बराच बरा असतो. मध्यरात्री उतरत असाल तर वर एकच नोट मोडा आणि बाकीच्या दुसऱ्या दिवशी शहरात. पासपोर्ट लागतो, हॉटेलात ठेवून जाऊ नका.

रोख लागतेच हो, विशेषतः क्राबीला. आओ नांगच्या लाँगटेल बोटी, साँगथ्यू (तिकडची शेअर टमटम), रात्रीचे बाजार, फी फी बेटांच्या नॅशनल पार्कची माणशी ४०० बाथ फी, हे सगळं नोटांवर चालतं. दुकानातल्या क्यूआरवर आपला यूपीआय चालेल असं धरून जाऊ नका.

मिस्टरांचा एटीएमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. तिथलं एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाथच्या आसपास चार्ज लावतं, रक्कम कितीही असो. दोन हजार काढलेत तर ११ टक्के गेले, वीस हजार एकदम काढलेत तर सव्वा टक्काही नाही, वर आपल्या बँकेचा चार्ज वेगळा. म्हणून एटीएम हे अडचणीसाठी, आणि काढलेच तर एकदाच मोठी रक्कम.

उरलेले ६५ हजार झिरो मार्कअपच्या, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक जादा टक्के लावत नाही अशा, डेबिट कार्डवर ठेवा, हॉटेलातलं जेवण, मॉल, ग्रॅब ॲपची टॅक्सी त्यावर. साध्या क्रेडिट कार्डला बहुतेक वेळा साडेतीन टक्के अधिक जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात. फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) घेणार असाल तर त्यात बाथ भरता येतो का ते विचारा, डॉलर भरून बाथमध्ये स्वाइप केलं की क्रॉस करन्सी चार्ज बसतो. कार्डवर इंटरनॅशनल वापर मुळात बंद असतो, निघायच्या आधी ॲपमधून चालू करा आणि लिमिट लावा. आणि एक गोष्ट मिस्टरांना दोनदा सांगा. मशीनवर किंवा एटीएमवर रुपयांत की बाथमध्ये असं विचारलं की बाथच दाबायचं, कन्व्हर्जन नको म्हणायचं, कारण रुपये निवडले की दर त्या मशीनवाल्याचा लागतो आणि झिरो मार्कअपचा सगळा फायदा तिथेच संपतो.

डॉलर तिघांत वाटून ठेवा, दोन-दोन नोटा, सासूबाईंकडेही. शेवटच्या दिवशी बाथ उरले तर हॉटेलातल्या जेवणाच्या बिलात घाला, परत आणून विकू नका. न मोडलेल्या डॉलरच्या नोटा मात्र खुशाल आणा, २,००० डॉलरपर्यंत घरी ठेवायला परवानगी आहे.