नसेचा तुकडा, कातडीचा तुकडा

प्रश्न : माझे वय 52 वर्षे आहे. गेले वर्षभर रात्री दोन्ही तळपायांची इतकी आग होते की पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. उपाशीपोटीची साखर, बी-12 आणि थायरॉइड सारे ठीक आहे. नसांची एनसीव्ही तपासणीही नॉर्मल आली, त्यामुळे घरचे आता हे मनाचे दुखणे समजतात. मेंदुविकारतज्ज्ञांनी पायाच्या कातडीची बायोप्सी सुचवली आहे. दुखणे नसांचे असताना तपासणी कातडीची का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपले दुखणे मनाचे आहे, असे एनसीव्हीच्या नॉर्मल अहवालावरून कोणालाही म्हणता येणार नाही, हे आपण घरच्यांना जरूर सांगावे. एनसीव्हीत नसेला विजेचा हलका झटका देऊन संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. पण त्यात जाड तंतूंचीच नोंद होते, आणि ते तंतू स्नायूंची हालचाल, कंपनाची व सांध्यांच्या स्थितीची जाणीव सांभाळतात. वेदना आणि थंड-गरम यांची जाणीव वाहून नेणारे अतिशय बारीक तंतू या यंत्राच्या पकडीत येतच नाहीत. नेमके तेच बिघडले असतील, तर पायाची आग होत राहते आणि अहवाल मात्र निर्दोष येतो.

हे बारीक तंतू कातडीच्या सर्वांत वरच्या थरात संपतात, म्हणून त्यांना तिथेच गाठावे लागते. बाहेरच्या घोट्याच्या सुमारे 10 सेंटिमीटर वर इंजेक्शनने भूल देऊन, गोल पात्याच्या छोट्या नळीने 3 मिलिमीटर व्यासाचा तुकडा काढतात. बहुधा टाका लागत नाही आणि आठवडा-दोन आठवड्यांत जखम भरते. तुलनेसाठी मांडीवरचाही एक तुकडा घेतात, कारण सर्वांत लांब नसांच्या टोकांपासून सुरू होणाऱ्या आजारात पायाकडचे तंतू आधी विरळ होतात. प्रयोगशाळेत नसांतील पीजीपी 9.5 या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड (अँटीबॉडी) वापरून तंतू रंगवतात, दर मिलिमीटरला किती तंतू वरच्या थरात शिरतात ते मोजतात आणि ती संख्या त्याच वयाच्या व लिंगाच्या निरोगी व्यक्तींशी ताडून पाहतात. या पद्धतीचे प्रमाणीकरण करणारी युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे 2010 साली अद्ययावत झाली. तुकडा नेहमीच्या फॉर्मेलिनमध्ये टाकून चालत नाही, त्यासाठी वेगळे द्रावण लागते. म्हणून ही तपासणी नियमितपणे करणारी प्रयोगशाळा कोणती, हे आपण आधी विचारून घ्यावे.

मात्र ही तपासणी तंतू कमी झाले आहेत का एवढेच सांगते. ते कशामुळे कमी झाले, हे क्वचितच सांगते. आपल्याबाबतीत मला आधी सुचवावेसे वाटते, ते म्हणजे 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली साखरेची तपासणी, कारण उपाशीपोटीची साखर ठीक असूनही मधुमेहाची पूर्वावस्था अशी आग लावू शकते.

प्रश्न : माझा 34 वर्षांचा धाकटा भाऊ गवंडीकाम करतो. त्याच्या डाव्या पावलाची बाहेरची कड बधिर आहे, पाऊल लोंबते आणि चालताना चप्पल निसटते. अंगावर एकही चट्टा नाही, पण गुडघ्याजवळची नस दोरीसारखी जाड लागते. डॉक्टरांनी घोट्याजवळच्या नसेचा तुकडा काढायला सांगितला आणि कुष्ठरोगाची शंकाही बोलून दाखवली. पाय आधीच अशक्त आहे, नस कापल्यावर तो कायमचा जाईल का? दोन-तीन महिने थांबले तर चालेल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : पाय जाणार नाही. घोट्यामागची सुरल ही नस केवळ जाणीव वाहून नेते, एकाही स्नायूला हालचालीचा हुकूम देत नाही. म्हणूनच जगभर बहुधा तीच निवडली जाते. पण ही तपासणी फुकटची नाही, हेही स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. भूल असूनही नस कापताना क्षणभर विजेसारखी कळ जाते, जखमेला टाके पडतात आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला कायमचा बधिर पट्टा राहतो, शिवाय काहींना तिथे महिनोन्‌महिने चमका येतात. आपल्या भावाची ती कड आधीच बधिर असल्याने त्याच्यापुरते हे नुकसान कमी आहे.

एवढी किंमत मोजायची ती उत्तरावर उपचार बदलणार असतील तरच. मधुमेहामुळे बधिर झालेल्या पायाची नस कापण्याचे सहसा काहीच कारण नसते. आपल्या भावाच्या बाबतीत मात्र दोन शक्यता समोर आहेत आणि त्यांच्या औषधांचे मार्ग वेगळे आहेत. एक म्हणजे नसांना रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांचा दाह; त्यात स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागतात. हा दाह ठिकठिकाणी तुटक असतो, म्हणून शंका असल्यास शेजारच्या स्नायूचाही तुकडा घेतात. दुसरा म्हणजे चट्ट्याविना केवळ नसांत राहणारा कुष्ठरोग. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांतल्या नसांत घर करतात, ते प्रयोगशाळेत वाढवता येत नाहीत, त्यामुळे नसेत विशिष्ट गाठींचा दाह आणि फाइट नावाच्या रंगप्रक्रियेत लाल दिसणारे जंतू शोधावे लागतात. जंतू न दिसल्यास अहवाल लक्षणांशी जोडून वाचावा लागतो. हा कुष्ठरोग असताना दाह समजून नुसती स्टेरॉइड देणे धोक्याचे ठरेल.

कुष्ठरोग निघालाच, तरी घाबरून जाऊ नये. बहुऔषधी उपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतात आणि सुरू केल्यावर लवकरच संसर्गाची भीती उरत नाही. या आजाराच्या नावाखाली लग्ने मोडत होती. 2019 च्या कायद्याने घटस्फोटाचे ते कारण काढून टाकले आहे. भावाच्या पत्नीच्या माहेरच्यांनाही हे सांगावे.

थांबण्याबद्दल माझे मत ठाम आहे : थांबू नये. नसेची दुखापत सहा महिन्यांच्या आतली असेल, तर जंतूंवरच्या औषधांबरोबर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने ताकद परतण्याची शक्यता चांगली असते. जुन्या दुखापतीत ती झपाट्याने कमी होते. तोवर पाऊल उचलून धरणारी स्प्लिंट, मऊ एमसीआर रबराची चप्पल आणि रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात पाहून खिळ्याची वा चुन्याची जखम झाली आहे का हे तपासणे त्याने आजपासूनच सुरू करावे.