कोंढव्यातली बोली अर्जात लिही

बायकांच्या प्रजनन-आरोग्याच्या कामासाठी अर्ज करू का, असं विचारतेस, तर नक्की कर. 'आमच्यातलं या क्षेत्रात कुणीच नाही' हे तू संकोचून लिहिलंयस, तेच ठळक लिही. पुण्याच्या कोंढव्यातल्या बायकांशी पाळी, तांबी, गर्भपात यांबद्दल त्यांच्याच बोलीत बोलणारी मुलगी प्रकल्पांना सहज मिळत नाही गं.

वाचायचं दोनच: १९९४ ची संयुक्त राष्ट्रांची कैरो लोकसंख्या परिषद, जिथे लोकसंख्येच्या आकड्यांऐवजी बाईचा हक्क मध्यभागी आला, आणि गर्भपाताचा १९७१ चा कायदा, २०२१ च्या दुरुस्तीसकट.

नेहमीच्या चुका:
- थेट जिनिव्हाकडे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेकडे डोळे. आधी वस्तीत आशाताईंबरोबर, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांबरोबर, फिर.
- मानधन न विचारणं. मी लाजले, तीन महिने बसभाडं खिशातून गेलं.
- कुणा बाईची हकिकत नावासकट लिहिणं. हे कधीच नको.

संख्याशास्त्र शिकायचं का, ते नंतर बघू.