कन्सोलची चॅनेल स्ट्रिप लावूनही नव्वदीच्या हिप-हॉपचा आवाज का येत नाही?

तुम्ही विचारलंय की बीट तयार आहे, प्रत्येक ट्रॅकवर एसएसएल ४००० ई या जुन्या मिक्सिंग कन्सोलच्या चॅनेल स्ट्रिपचा (एका चॅनेलचा इक्यू म्हणजे सूर उजळ-मंद करायची बटणं, कॉम्प्रेसर वगैरे) प्लगइन टाकला, मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे, बस कॉम्प्रेसर लावला, तरी न्यूयॉर्कच्या नव्वदीतल्या रेकॉर्डसारखा जाड, धुळकट आवाज येत नाही. आता कोणता प्लगइन घ्यावा?

कोणताच घेऊ नका, निदान आज तरी. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि या प्रकरणात आड म्हणजे कन्सोल नव्हे, सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्डमधला तुकडा नोंदून पुन्हा वाजवणारं मशीन. कन्सोल हा नुसता पोहरा.

हे मी उलट्या क्रमाने शिकलो. एका बीटचे ३८ ट्रॅक होते. सगळ्यांवर कन्सोलचं इम्युलेशन (सॉफ्टवेअरमधली नक्कल) टाकलं आणि रात्री मला ते जबरदस्त वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळी इम्युलेशनं एकदम बायपास करून दुसरा बाउन्स (सगळे ट्रॅक मिळून एक फाइल) काढला, दोन्हींची पातळी जुळवली आणि डोळे मिटून ऐकलं. कोणता कोणता, ते सांगता येईना. रात्री जे मला 'अ‍ॅनालॉग' वाटलं होतं, ते निव्वळ दीड डेसिबल जास्त जोरात वाजत होतं. तेव्हापासून पातळी जुळवल्याशिवाय मी कुठल्याही प्लगइनचं कौतुक करत नाही.

तर आधी आडाकडे बघू.

ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा सॅम्पलर आला १९८७ साली. १२ बिट, २६.०४ किलोहर्ट्झ सॅम्पल रेट, सगळं मिळून साधारण १० सेकंदांची मेमरी, आणि एका सॅम्पलला जास्तीत जास्त अडीच सेकंद. आता हिशेब करा. ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके) चार ठोक्यांचा एक बार वाजायला २.६७ सेकंद लागतात. म्हणजे एक अख्खा बारसुद्धा एका सॅम्पलमध्ये मावत नाही. मग लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५वर फिरवून सॅम्पल घ्यायचे. तोच बार दोन सेकंदांच्या आत आटपतो. मग सॅम्पलरमध्ये पिच पुन्हा खाली आणायची की लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तो तुकडा) मूळ वेगाला परत येतो.

जागा वाचवायची ही युक्ती होती, पण आवाज घडला तो तिथेच. २६.०४ किलोहर्ट्झला सॅम्पल घेतलं की १३ किलोहर्ट्झच्या वरचं काही नोंदलंच जात नाही. रेकॉर्ड १.३५ पट वेगाने फिरत होती, म्हणून पिच खाली आणल्यावर मूळ रेकॉर्डमधलं जे खरंखुरं हाती उरतं, ते ९.६ किलोहर्ट्झपर्यंतच. त्याच्या वर जी किणकिण, खरखर ऐकू येते ती रेकॉर्डमध्ये नव्हतीच. पिच खाली आणताना मशीन जो ओबडधोबड हिशेब करतं, त्यातून पडलेली ती खालच्या आवाजाची प्रतिबिंबं आहेत. तुम्ही ज्याला 'धुळकट' म्हणताय त्याचा मोठा वाटा हा. एसएसएलच्या इक्यूमध्ये तो शोधून सापडणार नाही.

सॉफ्टवेअरमध्ये मी हे असं करतो. लूप पाच सेमीटोन (अर्धस्वर) वर नेतो, पण टाइम-स्ट्रेच पूर्ण बंद ठेवून, म्हणजे रेकॉर्ड जोरात फिरवल्यासारखा वेगही वाढला पाहिजे. मग पातळी जवळजवळ शून्यापर्यंत, म्हणजे डिजिटलमधल्या कमाल पातळीपर्यंत, वाढवतो. ही पायरी बहुतेकजण गाळतात. १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या. हळू आवाज आत पाठवलात तर त्यातल्या थोड्याच वापरल्या जातात आणि पोताऐवजी नुसता खरबरीत गोंगाट मिळतो. त्या काळी मशीन जितकं सहन करेल तितकं जोरात भरायचे, ते याच कारणाने. मग १२ बिट आणि २६.०४ किलोहर्ट्झवर आणणारा प्लगइन. डेसिमॉर्ट २ हे काम नीट करतो. इन्फोनिकचा आरएक्स१२०० तर सरळ या मशीनचीच नक्कल आहे. बाउन्स करून टाकायचं, म्हणजे पुन्हा खुडबुड करायचा मोह होत नाही. शेवटी सॅम्पलरमध्ये पाच सेमीटोन खाली, इंटरपोलेशनची (मधले बिंदू भरण्याच्या हिशेबाची) क्वालिटी सगळ्यात वाईट निवडून. हो, सगळ्यात वाईट. चांगली क्वालिटी ती प्रतिबिंबं पुसून टाकते आणि केलेली मेहनत वाया जाते.

हा प्लगइन मास्टरवर मात्र टाकू नका. तसा केलेला मिक्स टेलिफोनवर ऐकल्यासारखा वाटतो. त्या रेकॉर्डमध्ये ड्रम आणि लूप सॅम्पलरमधून यायचे, पण रॅपरचा आवाज चांगल्या माइकवरून थेट टेपवर जायचा, पूर्ण बँडविड्थने. मागे मळकट, पुढे लखलखीत. कानाला जे 'जुनं' वाटतं ते या दोहोंच्या फरकामुळे. सगळंच मळवलंत तर फरकच उरत नाही.

एसपी-१२००चे आउटपुटही सारखे नव्हते. एकूण आठ. १ आणि २ वर एसएसएम२०४४ चिपचा फिल्टर, ठोक्याबरोबर हलणारा. ३ ते ६ वर ठरलेले, न हलणारे फिल्टर. ७ आणि ८ वर काहीच नाही. म्हणून किक किंवा बेस पहिल्या दोनांत आणि हाय-हॅट शेवटच्या दोनांत, ही वाटणी सोयीची पडायची. बेसलाइन काढायची खास युक्तीही यातूनच आली. एकच लूप दोनदा घ्यायचा. एक प्रत फिल्टरमधून काढून फक्त खालचा भाग ठेवायचा, तीच बेसलाइन. दुसऱ्या प्रतीचा खालचा भाग कन्सोलच्या हाय-पास फिल्टरने छाटायचा. आज करून बघा: पहिल्या प्रतीवर १८० हर्ट्झच्या आसपास लो-पास, दुसरीवर तेवढ्यालाच हाय-पास, आणि बेसची प्रत मोनो. लूप तोच, पण आता तळ तुमच्या फेडरवर (पातळी कमीजास्त करणाऱ्या सरकत्या दांडीवर) आहे.

अकाईचा एमपीसी६० १९८८चा, रॉजर लिनने आखलेला. तोही १२ बिटमध्येच साठवतो, पण ४० किलोहर्ट्झवर, म्हणून त्याचे ड्रम जास्त उघडे आणि घट्ट लागतात. तुमचा कान त्या बाजूचा असेल तर वरची पिचची कसरत सोडून द्या, १२ बिट पुरे.

आता पोहरा. त्या काळचं सगळं एसएसएलवर झालं, ही समजूतही आधी सोडा. बऱ्याच रेकॉर्ड नीव्ह कंपनीच्या कन्सोलवर झाल्या. वू-टँग क्लॅनचा १९९३चा पहिला अल्बम ब्रुकलिनच्या फायरहाउस स्टुडिओत झाला आणि त्याचा आवाज काही महागड्या खोलीचा वाटत नाही. तरी तुम्ही ४००० ई घेतलाच आहे, तर तो नीट वापरू.

पहिली गोष्ट पातळी. कन्सोलच्या मीटरवरचं शून्य व्हीयू म्हणजे बहुतेक प्लगइनमध्ये उणे १८ डीबीएफएस, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली. हे मॉडेल त्याच पातळीभोवती खरं वागतात. आपण सॅम्पल पॅकमधली किक उचलतो, ती शून्याला टेकलेली असते. म्हणजे कन्सोलच्या इनपुटवर पहिल्याच क्षणी १०-१५ डेसिबलचा जादा मारा. मग मॉडेल चिरकतं आणि आपण म्हणतो प्लगइन बेकार. स्ट्रिपच्या आधी एक साधा गेन प्लगइन टाका. लूप आणि बेस सरासरी उणे १८ला, किक-स्नेअरची टोकं उणे ८च्या आसपास. सॅम्पलर भरताना जोरात, कन्सोलमध्ये शिरताना हळू. एवढं केल्यावर बरेच मिक्स आपोआप उघडतात.

दुसरं, ट्रॅक कमी करा. सॅम्पलरमधूनच आठ आउटपुट येत होते, तर ड्रम आणि लूपसाठी फेडर लागणार किती? माझे ३८ ट्रॅक आता आठ बसमध्ये (ट्रॅक एकत्र करणाऱ्या वाटांमध्ये) येतात आणि स्ट्रिप फक्त बसवर बसते. किक, स्नेअर, हॅट, लूपच्या दोन प्रती, स्क्रॅच, रॅप, बाकीचं. आठ ठिकाणी इक्यू करायचा असला की हात मोकळा चालतो. ४००० ईचा इक्यू नाजूक कामाचा नाहीच मुळी. स्नेअरला २०० हर्ट्झ ४ डेसिबल आणि ५ किलोहर्ट्झ ६ डेसिबल दिलं तरी तो कुरकुरत नाही. लूपमधला ३०० ते ४०० हर्ट्झचा चिखल तितक्याच निर्दयपणे काढा, रॅपला जागा तिथे होते.

तिसरं, बेरीज. प्रत्येक चॅनेलवर थोडं सॅच्युरेशन (जोरात गेल्यावर आवाजाला येणारी हलकी विकृती) म्हणजे कन्सोल नव्हे. कन्सोलमध्ये गंमत होते ती आवाज एकत्र येताना. हे कान देऊन ऐकायचं असेल तर एअरविंडोजचा प्युअरेस्टकन्सोल घ्या, फुकट आहे. त्यातली कल्पना मला फार आवडते: चॅनेलवरचा प्लगइन लहरीवर साइन फंक्शन चालवतो, बसवरचा त्याचं उलट म्हणजे आर्कसाइन. एकच ट्रॅक वाजवलात तर दोन्ही एकमेकांना खोडतात आणि आवाज होता तसाच बाहेर पडतो. दोन किंवा जास्त ट्रॅक वाजले की हिशेब जुळत नाही, आणि तो न जुळणारा भाग म्हणजेच बेरजेचा पोत. अट एकच. चॅनेलवाला प्लगइन साखळीत सगळ्यात शेवटी हवा आणि त्यानंतर पातळी हलता कामा नये. म्हणजे डीएडब्ल्यूचे (रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरचे) फेडर शून्यावर आणि मिक्स करायचा तो आधीच्या गेन प्लगइनने. गैरसोयीचं आहे खरं, पण फेडर हलवलात की त्या साइन-आर्कसाइनला अर्थ राहत नाही.

ब्रेनवर्क्सच्या कन्सोल प्लगइनमध्ये ७२ चॅनेल थोडे थोडे वेगळे बनवलेत, खऱ्या कन्सोलमधले सुटे भाग तंतोतंत सारखे नसतात म्हणून. डाव्या-उजव्या बाजूंना वेगळे चॅनेल निवडले की रुंदी किंचित वाढते. छान आहे, पण यावर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ घालवू नका. हिस्सचं बटण बंद. लूपमध्येच रेकॉर्डची खरखर आहे, आणखी कशाला?

आता बस कॉम्प्रेसर. इथे बहुधा तुमची एक चूक होतेय. आजच्या बस कॉम्प्रेसर प्लगइनमध्ये साइडचेनला (जो आवाज ऐकून कॉम्प्रेसर दाबायचं ठरवतो त्याला) हाय-पास फिल्टर असतो आणि आपण सवयीने तो १०० हर्ट्झला लावून ठेवतो, किकने कॉम्प्रेसर दबू नये म्हणून. जुन्या ४०००च्या मधल्या भागातल्या कॉम्प्रेसरला तो फिल्टर नव्हता. किक पडली की सगळा मिक्स दबायचा आणि पुढच्या ठोक्यापर्यंत परत उसळी मारायचा. मान डोलायला लागते ती त्या उसळीवर! फिल्टर बंद करा. रेशो ४, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) ०.१ किंवा ०.३ सेकंद. थ्रेशोल्ड एवढाच खाली आणा की किकवर सुई ३-४ डेसिबल हलेल. मिक्सच्या सुरुवातीलाच हे लावा आणि त्याच्या आत मिक्स करा. शेवटी लावलात तर सगळी पातळी पुन्हा बसवावी लागते. रिलीज जमलाय का हे तपासायला रॅप म्यूट करून फक्त हॅट आणि लूप ऐका. किकनंतर हॅट जागेवर परत येताना ऐकू आली पाहिजे. ती दबूनच राहिली तर रिलीज संथ आहे.

टेप प्लगइन हवाच असेल तर ड्रम बसवर एक, मास्टरवर नाही. ओव्हरसॅम्पलिंग (आतला हिशेब जास्त सॅम्पल रेटवर करणं) कन्सोल आणि टेपवाल्या प्लगइनना फायनल रेंडरच्या वेळी चालू करा, पण १२ बिटवाल्याला नको. तिथला अलियासिंग (कमी सॅम्पल रेटमुळे पडणारी खोटी प्रतिबिंबं) आपल्याला मुद्दाम हवाय.

आज रात्री एवढंच करा: चॅनेल स्ट्रिप सगळ्या काढा, फक्त लूप आणि स्नेअर वर सांगितल्यासारखे १२ बिटमधून काढून आणा, बस कॉम्प्रेसरचा फिल्टर बंद करा आणि जुन्या बाउन्सशी पातळी जुळवून ऐका. मग स्ट्रिप एकेक करून परत लावा. माझ्याकडे शेवटी तीनच ठिकाणी परत लागल्या: स्नेअर, लूपची वरची प्रत आणि रॅप.