काउंट अ‍ॅटॉमिक आहे, लुकअपला लॉकही घेतो, तरी यूज-आफ्टर-फ्री का येतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: लिनक्स कर्नल मॉड्यूल आहे, सेशनचे ऑब्जेक्ट हॅश टेबलमध्ये ठेवलेत, शोधताना स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) घेऊन लॉकच्या आतच काउंट, म्हणजे ऑब्जेक्ट किती जण वापरताहेत तो आकडा, वाढवता, काम झालं की काउंट कमी करता, शून्य झाला तर लॉक घेऊन टेबलमधून काढता आणि फ्री करता. आणि लोड वाढला की मधूनच केसॅन, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं टूल, ओरडतं की फ्री झालेली मेमरी वापरली (हेच यूज-आफ्टर-फ्री).

तुमचा काउंटर अगदी बरोबर मोजतोय, म्हणून तिथे शोधत बसू नका. अ‍ॅटॉमिक असल्यामुळे एवढंच होतं की दोन सीपीयूंनी एकदम वाढवला तर एकाची वाढ हरवत नाही. पण काउंट वाढवायचा हक्क कोणाला, हे काउंटर सांगत नाही. ज्याच्या हातात आधीच एक रेफरन्स (काउंटमध्ये मोजलेला वापराचा हक्क) आहे त्याने दुसरा घेतला तर कधीच धोका नाही, कारण त्याचा स्वतःचा रेफरन्स ऑब्जेक्टला जिवंत ठेवतो. पण ज्याला टेबलमधून नुसता पॉइंटर मिळाला त्याच्याकडे अजून काहीच नाही, आणि त्याच्यासाठी ऑब्जेक्ट तेवढा वेळ दुसऱ्या कशाने तरी टिकून राहिला पाहिजे. रेफरन्स काउंटिंगचे बहुतेक बग इथेच असतात, पॉइंटर मिळणं आणि पहिला रेफरन्स मिळणं यांच्या मधल्या फटीत.

आता तुमच्याच कोडमध्ये बघा काय होतं. काउंट १ आहे. पहिला सीपीयू पुट करतो (आपला रेफरन्स सोडतो), काउंट शून्य होतो, आता तो लॉक घ्यायला निघालाय पण लॉक अजून मिळालेला नाही. तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूने लॉक घेतला, टेबलमध्ये शोधलं, ऑब्जेक्ट अजून तिथेच आहे, त्याने शून्याचा १ केला, लॉक सोडला आणि वापरायला लागला. मग पहिल्याला लॉक मिळतो, त्याने तर शून्य बघितलेलं आहे, त्यामुळे तो टेबलमधून काढतो आणि फ्री करतो. दोघांनीही लॉक घेतला, दोघांनीही अ‍ॅटॉमिक वापरलं, तरी दुसऱ्याच्या हातात मेलेला ऑब्जेक्ट. कारण शून्य होणं लॉकच्या बाहेर आणि काढणं लॉकच्या आत. शून्य झालेला काउंट परत वर येता कामा नये, हा नियम तुमच्या लुकअपमध्ये मोडतोय.

सगळ्यात छोटा बदल म्हणजे लुकअपमध्ये साधं इन्क्रिमेंट न करता "शून्य नसेल तरच वाढव" वालं फंक्शन वापरा, केरेफमध्ये, म्हणजे कर्नलच्या तयार रेफरन्स काउंटरमध्ये, ते गेट-अनलेस-झिरो नावाने आहे. आत कम्पेअर-एक्स्चेंजचा (व्हॅल्यू मधे बदलली नसेल तरच नवी लिहायची) लूप असतो, जुनी व्हॅल्यू शून्य दिसली तर फेल होतं, आणि फेल झालं की "सापडला नाही" असंच समजायचं. इथे एक खाच आहे जी पटकन लक्षात येत नाही: मरायला टेकलेला जुना ऑब्जेक्ट टेबलमध्ये असतानाच कोणी त्याच कीचा नवा ऑब्जेक्ट घालू शकतो, त्यामुळे काढताना कीवरून शोधून काढू नका, नेमका तोच नोड काढा, नाहीतर नव्यालाच उडवाल.

दुसरा मार्ग, पुटलाच डिक्रिमेंट-अँड-लॉक प्रकारचं फंक्शन वापरणं. काउंट १ पेक्षा जास्त असेल तर ते लॉक न घेताच कमी करतं, शून्य व्हायची शक्यता असेल तरच आधी लॉक घेतं आणि मग कमी करून बघतं, म्हणजे शून्य होणं आणि टेबलमधून काढणं एकाच लॉकखाली येतं आणि तुमचा लुकअप आहे तसा चालतो.

मला स्वतःला तिसरा आवडतो: टेबलचा स्वतःचा एक रेफरन्स ठेवा. सेशन बंद करताना लॉकखाली टेबलमधून काढा, मग टेबलचा रेफरन्स पुट करा. टेबलमध्ये आहे म्हणजे काउंट किमान १, त्यामुळे लॉकखाली साधा गेट (सरळ काउंट वाढवणं) पुरतो आणि कोण कशाचं मालक आहे हे कोड वाचणाऱ्याला दिसतं. पण यासाठी "सेशन बंद कर" अशी ठरलेली जागा पाहिजे. शेवटचा वापरणारा गेला की ऑब्जेक्टने आपोआप जावं असं असेल तर पहिल्या दोनपैकी एक घ्या.

लुकअपचा लॉक जड पडतो म्हणून आरसीयूकडे (लॉक न घेता वाचायची कर्नलची पद्धत) जाणार असाल तर अनलेस-झिरो लागणारच, आणि फ्रीसुद्धा ग्रेस पीरियड (आधीपासून वाचत असलेले सगळे बाहेर पडेपर्यंतचा वेळ) संपल्यावर, म्हणजे केफ्री-आरसीयू वगैरे वापरूनच. हे दुसरं विसरलं तर पहिल्याला काही अर्थ राहत नाही, कारण फ्री झालेल्या मेमरीत जे काय पडलंय तेच तुम्ही काउंट म्हणून वाचता आणि ते शून्य नसलं की खुशाल वाढवता. टाइपसेफ-बाय-आरसीयू स्लॅब (एकाच टाइपच्या ऑब्जेक्टसाठीचा मेमरीचा साठा, जो ग्रेस पीरियडची वाट न बघता मेमरी पुन्हा वापरतो) असेल तर अजून एक पायरी, ती मेमरी मधल्या काळात त्याच टाइपच्या दुसऱ्या ऑब्जेक्टला मिळालेली असू शकते, म्हणून रेफरन्स मिळाल्यावर की परत तपासायची, जुळली नाही तर पुट करून पुन्हा शोधायचं.

आणि साधा अ‍ॅटॉमिक टाइप काढून रेफकाउंट टाइप लावा, तो कर्नल ४.११ पासून, म्हणजे २०१७ पासून आहे. तो ओव्हरफ्लो होऊन शून्यावर येत नाही, एका मोठ्या व्हॅल्यूला अडकून बसतो आणि वॉर्निंग देतो, मेमरी लीक होते पण दुसऱ्याच्या हाती जात नाही. हे किती महत्त्वाचं आहे ते सीव्हीई-२०१६-०७२८ या नोंदवलेल्या सुरक्षा-त्रुटीत दिसलं: कीरिंगच्या (कर्नलमधला किल्ल्यांचा साठा) कोडमध्ये प्रोसेसने आपलंच सेशन कीरिंग परत जॉइन केलं की दर वेळी एक रेफरन्स लीक व्हायचा, ३२ बिटांचा काउंट फिरून शून्यावर आणता यायचा, कीरिंग वापरात असताना फ्री व्हायचं आणि साध्या युजरला रूट मिळवता यायचं. शिवाय शून्यावरून वाढवायचा प्रयत्न झाला तर हा टाइप तिथेच ओरडतो, म्हणजे तुमचा आत्ताचा बग त्याने केव्हाच दाखवला असता.

मेमरी ऑर्डरिंगचंही (वाचणं-लिहिणं बाकीच्या सीपीयूंना कोणत्या क्रमाने दिसतं) तोच बघतो: वाढवताना ऑर्डरिंग लागत नाही, कमी करताना रिलीज (आधीचं काम यानंतर सरकू न देणं) लागतं, शून्य दिसलं तर अ‍ॅक्वायर (नंतरचं काम याच्या आधी सरकू न देणं), म्हणजे बाकीच्यांनी आधी केलेले बदल फ्रीच्या नंतर सरकत नाहीत. स्वतःचा काउंटर लिहिलात तर हे तुमच्या गळ्यात.

तुमच्या कोडमध्ये अजून एक दिसलं, पुट केल्यानंतरच्या लॉग लाइनमध्ये सेशनचा आयडी छापताय. पुट केलं की तो पॉइंटर तुमचा नाही, आयडी आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या. आणि "काउंट वाचून १ असेल तर" अशी जी अट आहे ती काढाच, वाचलेला आकडा वाचून होईपर्यंत जुना झालेला असतो.

बदल बरोबर आहे का हे बघायला टेस्ट बिल्डमध्ये शून्य झाल्यावर आणि लॉक घ्यायच्या आधी मुद्दाम थोडा डिले टाका, म्हणजे ती फट रुंद होते. केसॅन चालू ठेवून आधी जुना कोड चालवा, लगेच पडायला पाहिजे, मग अनलेस-झिरो लावून त्याच डिलेसकट लोड द्या.