दूधातला हरवलेला द

गोव्यातल्या डिचोलीच्या एका आजोबांनी विचारलंय : नातू दुसरीत आहे. ‘दूध’मध्ये दीर्घ ऊकार आणि ‘दुधात’ लिहिताना ह्रस्व, हे त्याला कसं समजवायचं? (वरच्या मथळ्यातली चूक ज्यांना टोचली, त्यांना माझा नमस्कार. ती मुद्दाम केली आहे.)

समजवायचं नंतर बघू. आधी गावातल्या पाट्या उतरवा! ‘ताजे दुध मिळेल’, ‘फुल आणि हार’, ‘जाडे मिठ’. पोर शाळेत एक गिरवतं आणि घरी येताना रस्ताभर दुसरं वाचत येतं. त्यात ‘दीर्घ’ हा शब्दच लोक ‘दिर्घ’ असा लिहितात, आता बोला.

शेवटचा अ बोलताना गळतो म्हणून आधीचा स्वर लांबतो, प्रत्यय लागला की आखडतो. एवढं कुठल्याही व्याकरणात सापडेल. खरी मजा दुधाच्या वंशावळीत आहे. संस्कृत दुग्ध, प्राकृत दुद्ध. आपल्या पूर्वजांनी त्यातला एक द टाकला, पण त्याचं वजन वाया जाऊ दिलं नाही. ते उकारावर लादलं आणि झालं दूध. तसंच जिह्वा–जिब्भा–जीभ, पिष्ट–पिट्ठ–पीठ. हात आणि सातही याच घरचे : हस्त–हत्थ–हात, सप्त–सत्त–सात. पंजाब्यांनी मात्र जोडाक्षर सोडलंच नाही. पर्वरीकडच्या एखाद्या ढाब्यावर पंजाबी आचारी भेटला तर त्याला ‘दूध’ला काय म्हणतोस ते विचारा. ‘दुद्ध’ म्हणताना त्याची जीभ द वर अडकते, उकार आखूड राहतो. आपला दीर्घ ऊ म्हणजे त्या गेलेल्या द ची पावती!

गोव्यातल्या पोराला तर हे आईच्या मांडीवरच मिळालेलं असतं. घरी कोंकणीत ते ‘दूद’ म्हणतं. ध चा द झाला, ऊ तेवढाच लांब. ‘दुदाचें’ म्हणताना तोच आपसूक आखडतो. ‘फूल’, ‘फुलां’ तसंच. ‘कोंकणीने तुमचं मराठी नासतं’ असं आमचे एक गुरुजी छडी आपटून सांगायचे. तयार कान समोर बसला होता, त्यांना दिसला नाही.

माझं भांडण नियमवाल्यांशीही आहे. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी संस्कृत ‘कवि’ला मराठी उच्चाराप्रमाणे ‘कवी’ केलं. छान केलं. मग ‘विष’ आणि ‘गुण’ यांनी काय पाप केलं? तोंडाने आपण सगळे ‘वीष’च म्हणतो, लिहायचं मात्र मुळाबरहुकूम ह्रस्व. कवी इथला झाला, विष अजून पोर्तुगीज पासपोर्टावर फिरतंय.

हां, नातू. त्याला ‘दूऽध’ असं ताणून म्हणायला लावा, लगेच ‘दुधात साखर’ म्हणायला लावा, आणि दोन्ही वेळा उ किती लांबला ते त्यालाच विचारा. ‘विष’ लिहायला मात्र तिसरीपर्यंत सांगू नका.