डबल बेसवर तारांची उंची किती असावी? १२ मिमीने हात दुखतो, शिकवणारे म्हणतात सवय होईल

हाताचं ऐका. स्टीलच्या तारा असतील तर फिंगरबोर्डच्या, म्हणजे ज्या फळीवर बोटांनी तार दाबतो तिच्या टोकाला, फळीपासून जी (G, सर्वांत बारीक) तार ५-६ आणि ई (E, सर्वांत जाड) तार ८-९ मिमी, एवढ्यात उत्तम वाजतं.

"उंच तारेशिवाय आवाज निघत नाही" हे मी चार वर्षं ऐकलंय. सरांनी लावून दिलेल्या माझ्या बेसवर ई तार १३ मिमीवर होती. त्यात मुंबईचा पावसाळा. लाकूड दमट हवेने फुगतं, बेसचं पोट वर येतं, त्यावर उभी असलेली घोडी, म्हणजे तारा पेलणारा लाकडी आधार, तीही वर जाते. जुलैत ई तारेवर एफ (F) सूर दाबायचा म्हणजे गंजलेलं शटर ओढायचं. शेवटी डाव्या अंगठ्याचं मूळ सुजलं आणि डॉक्टरांनी दोन महिने वाजवणं बंद केलं. सरांचं निदान वेगळं होतं : रियाज कमी पडतोय.

माझा मामा मिरजेचा, तंबोऱ्याची जवारी काढणारा, म्हणजे तार झणझणावी म्हणून तिची घोडी घासून देणारा. लग्नाला आला होता. बेस त्याने जन्मात पहिल्यांदा जवळून पाहिला असेल. म्हणाला, "ही तार दोन्ही टोकांना दाब बघू." दाबली. मधे तार आणि फळी यांच्यात साधारण एक मिमी फट दिसायला हवी, ती नव्हतीच, तार चक्क फळीला टेकली होती. "अरे, फळीला कुबड आलंय. तार खाली घेतली की झणझणणार, म्हणून तुझ्या सरांनी ती वर उचलून ठेवलीय. आम्ही झणझण मुद्दाम काढतो, तुम्हाला नको असते, पण दोन्हीकडे काम कानशीचं आहे, उंचीचं नाही." व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याकडून फळीवर रंधा मारून घेतला, ई तार ९ वर आणली. झणझण नाही, आवाजही तेवढाच.

सरांनी वाजवून पाहिलं आणि "पातळ झाला" म्हणाले. त्यांचे गुरू गोव्याचे, हॉटेलच्या बँडमधले. तेव्हा तारा आतड्याच्या, बेसला पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरला देणारं यंत्र) नाही, ट्रम्पेटसारख्या ब्रास वाद्यांपुढे ऐकू जायचं तर तार उंच ठेवून ओढणं भाग होतं. त्यांचं बरोबरच होतं. पण स्टीलची तार मुळातच जास्त ताणलेली असते. तिच्यावर आतड्याचं माप लावणं ही परंपरा नव्हे, आळस आहे. हे मी सरांना तेव्हा बोलू शकलो नाही, इथे बोलतोय.

मेरूजवळही बघा, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिथे. तिथे तारेखाली एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. बरेचदा हात तिथेच दुखतो आणि लोक घोडीला दोष देतात.

आतड्याच्या तारा असतील किंवा तुम्ही मुख्यतः गजाने वाजवत असाल तर वरची मापं विसरा, दोन-एक मिमी जास्त लागेल. घोडीत उंची बदलणारी फिरकीची चाकं असतील तर पावसाळ्यात थोडी खाली, कोरड्या हवेत थोडी वर, एवढं घरी जमतं. फिरवण्याआधी तारा सैल करा, पण चारही एकदम नको, आतला साउंडपोस्ट, म्हणजे दाबाने उभी राहिलेली लाकडी दांडी, पडतो. माझा एकदा पडला. तो उभा करायला सरांकडेच जावं लागलं, आणि काम होईपर्यंत १३ मिमीचे फायदे ऐकावे लागले.