वाचक विचारतात : प्रोजेक्टसाठी संदर्भ शोधायला मुलांना कसं शिकवावं?

प्रश्न : मी कोपरखैरण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. टीवायच्या मुलांना प्रोजेक्ट असतो आणि बरेच गट ‘खाडीच्या पाण्याचे परीक्षण’ घेतात. शेवटी जी संदर्भसूची येते ती चॅटबॉटकडून घेतलेली. त्यातले कित्येक शोधनिबंध शोधूनही सापडत नाहीत. सायफाइंडर (रसायनशास्त्राचे संदर्भ शोधायची सशुल्क सेवा) आम्हाला परवडत नाही. ग्रंथालयात तासाभराचं व्याख्यान ठेवलं, त्याचा उपयोग झाला नाही. काय करावं?
– एक प्राध्यापिका, नवी मुंबई

उत्तर : ते व्याख्यान पुन्हा ठेवू नका. काय शोधायचंय हे ठरलेलं नसताना कुठे शोधायचं हे कितीही सांगितलं तरी मुलांच्या लक्षात राहत नाही. ठाण्यात शिकवत होते तेव्हापासून माझं हे ठाम मत आहे की संदर्भशोध हा प्रात्यक्षिकाचाच भाग आहे आणि तो नमुना घेण्याआधी व्हायला हवा. प्रोजेक्ट लिहून झाल्यावर सूची मागितली, तर मुलं ती कुठून तरी आणणारच.

खाडीचा विषय मात्र बदलू नका. फक्त तो एका प्रश्नापर्यंत आणा : ऐरोलीच्या खाडीतल्या पाण्याचा सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला किती ऑक्सिजन लागेल, ते माप) आपल्या नेहमीच्या डायक्रोमेट पद्धतीने काढता येईल का? उत्तर सांगू नका, शोधू द्या. नुसतं ‘वॉटर अ‍ॅनालिसिस’ टाकलं तर निबंधांचा ढीग येतो आणि मुलं पहिला दिसेल तो उचलतात. त्याऐवजी ‘सीओडी’, ‘सलाइन’ आणि ‘क्लोराइड’ हे शब्द एकत्र टाकायला लावा. मग कळतं की समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं, डायक्रोमेट त्याचंही ऑक्सिडीकरण करतं आणि सीओडी भलताच फुगतो. क्लोराइडला बांधून ठेवायला मर्क्युरिक सल्फेट हे पाऱ्याचं संयुग घालतात, पण क्लोराइड लिटरमागे २००० मिलिग्रॅमच्या वर गेलं की ही प्रमाणित पद्धत भरवशाची राहत नाही. उन्हाळ्यात, भरतीच्या वेळी आपली खाडी या मर्यादेच्या कितीतरी पुढे असते.

आता त्याच मुलांना मर्क्युरिक सल्फेटची माहिती पबकेममध्ये पाहू द्या. रासायनिक पदार्थांच्या माहितीचा हा ऑनलाइन साठा २००४ पासून सर्वांना मोफत खुला आहे. नावाने शोधण्यापेक्षा सीएएस क्रमांकाने (प्रत्येक पदार्थाला दिलेल्या स्वतंत्र नोंदणी क्रमांकाने) शोधायची सवय लावा, कारण एकाच पदार्थाला नावं अनेक असतात. मर्क्युरिक सल्फेटचा क्रमांक ७७८३-३५-९. यातला शेवटचा ९ हा पडताळणीचा अंक : आधीचे अंक उजवीकडून घेऊन अनुक्रमे १, २, ३... ने गुणले की गुणाकारांची बेरीज १२९ येते, तिचा एकक ९. मनाने रचलेला क्रमांक बहुधा इथेच पकडला जातो. हे गणित मुलं आवडीने करतात. पबकेमच्या त्याच पानावर हा पदार्थ किती विषारी आहे तेही लिहिलेलं असतं. पाऱ्याचं ते सांडपाणी सिंकमध्ये ओतायचं नाही, हे वाचल्यावर एखादा गट म्हणेल, ‘बाई, आम्ही सीओडी करतच नाही, विरघळलेला ऑक्सिजन मोजतो.’ असं कुणी म्हटलं तर मला मनापासून आनंद होईल.

ऑक्सिजनसाठी विंकलरची १८८८ ची पद्धत. इथेही वाचन आधी हवं, कारण मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड बाटलीत खाडीच्या काठावरच घालावं लागतं. साधी बाटली भरून कॉलेजात आणेपर्यंत ऑक्सिजन बदललेला असतो. भरती-ओहोटीची वेळ न नोंदवलेल्या आकड्यांची तुलनाही करता येत नाही. म्हणून निबंध हातात आला की सारांशानंतर थेट पद्धतीचा भाग वाचायला लावा, प्रस्तावना नंतर. पीएचडीचे प्रबंध तर याहून उपयोगी, त्यांत पद्धत सविस्तर असते. ते शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि ठाण्याच्या खाडीवर काम झालेलं आहे.

एक चांगला निबंध मिळाला की त्याच्या संदर्भांतून मागे जायचं आणि गूगल स्कॉलरमधल्या ‘सायटेड बाय’वरून (त्याचा संदर्भ नंतर कुणी दिला, त्या यादीवरून) पुढे यायचं. सायफाइंडरवाचून पदवीचं काम अडत नाही. संश्लेषण करणाऱ्या, म्हणजे नवे पदार्थ तयार करणाऱ्या गटांना ‘ऑरगॅनिक सिंथेसीज’ (Organic Syntheses) हे नियतकालिक दाखवा. तिथली प्रत्येक कृती छापण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिलेली असते. एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेचं) लॉगिन मुलांना मिळतं का, ते ग्रंथपालांना विचारा. अनेक कॉलेजांत ते असतं आणि कुणी वापरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

चॅटबॉटच्या सूचीवर उपाय सोपा आहे. प्रत्येक संदर्भाचा डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) मुलांनी तुमच्यासमोर उघडायचा आणि शीर्षक, लेखक ताडून पाहायचे. नुसता डीओआय उघडला म्हणून सोडू नका. खऱ्या डीओआयला भलतंच शीर्षक चिकटवलेलं मी पाहिलंय.

आणि गुण द्या. गुण नाहीत ते काम टीवायला होत नाही. प्रत्येक गटाची एक शोधवही ठेवा : तारीख, कोणते शब्द टाकले, काय मिळालं, काय बाजूला ठेवलं. व्हायवाला प्रोजेक्टचा निष्कर्ष नंतर विचारा. आधी विचारा, ‘यातला कोणता निबंध तुम्ही वाचून नाकारलात, आणि का?’